शोधायला गेलेले पाळकबाबा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरीनं आमच्या पाळकाला फसवलं. सेक्रेटरीचं नाव सुधाकरराव, पाळकाचं नाव शांतवन. हे मी देवणीच्या बाजारात बोललो, चहाच्या टपरीवर बोललो. पण माझा आवाज चढतो, म्हणून लोक माझा राग तेवढा ऐकतात आणि बोलणं सोडून देतात. आता लिहूनच ठेवतो. पाळकबाबांना ज्यांनी कधी पाहिलं नाही, त्यांनी आधी तो माणूस कसा होता ते ऐकावं.

उपासना संपली की ते सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभे राहायचे. एक हात आडवा धरायचे आणि लहानथोर प्रत्येकानं त्या हाताखालून वाकून बाहेर पडायचं. जाता जाता डोक्याला त्यांचा तळवा लागायचा. सुधाकरराव उंच, वाकताना त्यांचा चष्मा घसरायचा आणि पोरं खिदळायची. धनगर संध्याकाळी मेंढरं आत घेताना अशीच एकेक हाताखालून घेतात, ते पाहून बाबांनी हे उचललं होतं. कोणाचं डोकं हाताला लागलं नाही ते त्यांना बरोबर कळायचं. मग जेवण तसंच झाकून ठेवून ते सायकल काढायचे आणि त्या घरच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. "आज तुझं डोकं लागलं न्हाई हाताला. बरं हाय ना?" एवढंच विचारायचे.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. बापानं मागं काही ठेवलं नाही. जे उभं केलं ते तोंडाच्या जोरावर. बाबा आमच्याकडं नवीन आले तेव्हा ऐन बाजारात माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"शमुवेल, मेंढपाळ पुढं चालतो का मागं?"

"एक पुढं, एक मागं. मागचा हाकतो."

"आन् पुढचा?"

"वाट बघतो. काटाकुटा, खड्डा."

"म्हणजे काटा आधी त्यालाच मोडतो."

"मोडणारच की. पण बाबा, घ्यायचं का न्हाई काही? उगं गिऱ्हाईक अडवून राहिलाव."

ते मोठ्यानं हसले. "मी माझ्या नोकरीचं काम समजून घेऊन राहिलो, बाबा. मला पाळक म्हणतेत, आन् जन्मात एक कोकरू पाळलं न्हाई."

माझा धाकटा भाऊ याकोब पितो. एकदा तो पिऊन उपासनेत आला, प्रभुभोजनाच्या वेळी अडखळला आणि पवित्र द्राक्षारसाचा प्याला सांडला. सुधाकररावांनी पंचांची बैठक बोलावली. याकोबाला मंडळीबाहेर काढा म्हणाले. बाबा म्हणाले, "काढणार न्हाई."

खरं सांगायचं तर मलाही सुधाकररावांचं पटत होतं. मी म्हणालो, "बाबा, खरूज झालेलं मेंढरू आम्ही येगळंच बांधतो."

"बांधता ना? मग बांधा की. सोडून तर देत न्हाई!"

मी माझं म्हणणं मागं घेतलं. बाजारात मला मागं घ्यायला लावणारा माणूस विरळा.

पण याकोबाच्या कानावर बैठकीची गोष्ट गेली आणि लाजेनं तो घर सोडून गेला. आईनं अन्न टाकलं. काही दिवसांनी कोणीतरी सांगितलं की माहूरला गडाखाली दिसला. सण जवळ आला होता, पुनरुत्थानाचा, म्हणजे ईस्टरचा. बाबा घालमेलीत होते. सणाला पाळक नाही म्हणजे कसं? तेव्हा उपासनेनंतर सगळ्यांसमोर सुधाकरराव उठले आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही बिनघोर जा. याकोबाला घेऊनच या. सणाची उपासना आम्ही बघतो."

आमच्या धंद्यात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. बोटं सुटली की शब्द पक्का. शब्द फिरवलेल्या माणसाला पुढच्या बाजारात कोणी उभं करत नाही. मला वाटलं, देवाच्या घरात तर याहून पक्कं असेल.

बाबा गेले. माहूरला गळ्यात क्रूस घालून ते दुकानादुकानात याकोबाला विचारत फिरले. एका नारळवालीनं त्यांना बसवून पाणी दिलं. "तुमचा देव येगळा हाय बाबा, पण दम तर सारखाच लागतोय," म्हणाली. हे ते पुढं हसून हसून सांगायचे. याकोब एका खानावळीत भांडी घासताना सापडला. लगेच यायला तयार होईना. बाबा त्याच्याशेजारी बसून भांडी विसळायला लागले. सण तिथंच गेला.

इकडं सणाच्या दिवशी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुधाकररावांचा निरोप आला : पाळक ऐन सणात कळप सोडून निघून गेले, सबब पंचांनी त्यांना कामातून मोकळं केलं आहे. त्यांच्या जागी सुधाकररावांचा पुतण्या. तो धर्मशिक्षण संपवून घरी बसूनच होता.

बाबा याकोबाला घेऊन एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या खोलीला नवं कुलूप होतं आणि ट्रंक ओसरीवर. मी सुधाकररावांच्या घरी गेलो. "तुम्हीच जा म्हणालाव ना?"

"मी? बोलण्याच्या ओघात काही आलं असंल, शमुवेल. लेखी तर न्हाई ना काही?"

मी गचांडी धरायला पुढं झालो. मागून आलेल्या बाबांनी माझं मनगट धरलं. "सोड. ह्याच्या बी डोक्यावर मी हात ठेवलाय."

त्यांच्या या बोलण्याचा मला तेव्हा राग आला. आजही येतो.

पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे दारात उभे राहिले, पण या खेपेला बाहेरच्या बाजूनं. हात आडवा धरला. आतून माणसं आली, त्यांना पाहून थबकली आणि बाजूच्या दारानं निघून गेली. ज्यांच्या आजारपणात बाबा उशाशी बसले होते, तीही गेली. फक्त माझी आई, याकोब आणि मी वाकलो. बाबा बराच वेळ तसेच उभे होते.

मग ते लातूरला भाचीकडं राहायला गेले. तिथंच पावसाळ्यात वारले. त्यांची बायको आधीच गेलेली, ती आमच्या गावच्या दफनभूमीत; त्यांना लातूरच्या मातीत ठेवलं, अनोळखी माणसांत. आमच्या मंडळीतून मातीला आई, मी आणि याकोब, एवढेच. याकोब त्या दिवसापासून पुन्हा प्यायला लागला आणि एक दिवस पुन्हा निघून गेला. मी माहूर पाहिलं, नांदेड पाहिलं, लातूर-मुरुडकडची गुऱ्हाळं पाहिली. मी ओरडत शोधतो; ओरडणाऱ्याच्या हाती तो लागायचा नाही हे मला कळतं. त्याच्याशेजारी बसून भांडी विसळणारा आता कोणी नाही. नव्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करू.

सुधाकरराव, तुम्ही अजून पहिल्या बाकावर बसता. तुमचा शब्द ऐकणारे आम्ही सगळे जिवंत आहोत, आणि त्या रविवारी बाजूच्या दारानं निघून जाणारेही. लेखी काही नाही, कबूल. येत्या रविवारी मंडळीसमोर उभे राहा आणि तोंडानं सांगा : शांतवन पाळक कळप सोडून गेले होते, की त्यांना तुम्ही पाठवलं होतं?