पान चारवरची दुरुस्ती

आमच्या क्रॉबेक गावात कोणी वारलं की चर्चच्या दारात पाद्र्याच्या आधी आयव्ही सगडेन हजर असायची. बदामी कोट, काळी टोपी, हातात पेन्सिल. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती हळू आवाजात नाव विचारायची आणि शुक्रवारच्या ‘क्रॉबेक कुरियर’ या पेपरात सगळी नावं ओळीने छापून यायची. नाव छापून आलं नाही तर तो माणूस अंत्यविधीला गेलाच नव्हता असं आमच्याकडे धरलं जाई. मिल बंद पडली, महापौर बदलले, पण ही रीत काही बदलली नाही.

कुरियरमधली कोर्ट, नगरपालिका आणि फुटबॉल ही कामं पुरुषांकडे होती. आयव्हीकडे लग्नं, मयतं आणि फुलांची प्रदर्शनं. तिच्या बातम्यांत नवरी नेहमी सुरेख, केक नेहमी हलका आणि विधवा नेहमी धीराची असे. एवढ्या वर्षांत कोणाची तक्रार नव्हती. चूक झालीच तर पान चारच्या तळाशी ‘दुरुस्ती’ नावाची चौकट होती. क्रॉबेकच्या लोकांचा पहिल्या पानावर फारसा भरवसा नसे. पेपर खपवायला काहीही लिहितात, असं सगळे म्हणत. दुरुस्तीवर मात्र सगळ्यांचा विश्वास. पेपरवाला स्वतःच्या तोंडाने चुकलो म्हणतोय म्हणजे ते खरंच असणार.

नोरा क्लेग अशीच एका सोमवारी कात्रण घेऊन कचेरीत आली. मिलमध्ये मागावर काम केलेली, साठीची बाई. तिचा नवरा विल्फ पंधरवड्यापूर्वीच गेला होता. डोळे लालभडक, जणू कोणी वाळूने चोळलेत.

“नाव चुकलंय का, मिसेस क्लेग?” आयव्हीने विचारलं.

“नाव बरोबर आहे. बाकीचं चुकलंय.” नोराने एका ओळीवर बोट ठेवलं. श्रीमती क्लेग यांनी दुःखाला मोठ्या धीराने तोंड दिले, असं तिथे होतं.

“अहो, ही तर स्तुती आहे.”

“स्तुती ठेवा तुमच्यापाशी. माझी नणंद हेटी हे वाचून म्हणाली, बघा, पेपरवालीलासुद्धा दिसलं. आमच्या विल्फसाठी हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एका ओट्यावर बटाटे सोलत आलोय. मी धीराची बिराची नव्हते हो. मला रडताच येत नाही. तसं छापा.”

आयव्हीला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय. ‘बघते’ म्हणून तिने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण बोचणी राहिली, म्हणून शनिवारी ती केकचा तुकडा घेऊन नोराच्या घरी गेली.

नोरा स्वयंपाकघरात मटणाबरोबर शिजवायला कांदे चिरत होती. मोठे, जुने, भलतेच तिखट कांदे. आयव्ही दारात उभी राहिली नाही तोच तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. नाक गळायला लागलं, रुमाल शोधता शोधता केक खाली पडला. नोरा फळीवर वाकून चिरत होती. तिचे डोळे मात्र कोरडे ठणठणीत.

“आता पटलं?” ती म्हणाली.

आयव्हीला पटलं, आणि लाजही वाटली. चर्चच्या दारात उभी राहून तिने या बाईचा कोरडा चेहरा पाहिला होता आणि त्याला सवयीने धीर म्हणून मोकळी झाली होती.

“हे कधीपासून?”

“हृदयासाठी त्या गुलाबी गोळ्या सुरू केल्यापासून. डॉक्टरला सांगितलं तर हसला. म्हणे, हृदयाची गोळी डोळ्यात कशी जाईल? वय झालं तुमचं. थेंब दिले, ते घालतेय. दिसणंही कमी होत चाललंय.”

सोमवारी आयव्ही संपादक हॅलमसाहेबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि त्या गोळ्यांबद्दल छापायचं म्हणाली.

“पुरावा काय?” ते म्हणाले.

“कांदा.”

हॅलमसाहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “मिस सगडेन, आपण केकच्या बातम्या देणारा पेपर आहोत. औषधाच्या कंपनीकडे आपल्या सगळ्या गावापेक्षा जास्त वकील आहेत. एका बाईच्या कांद्यावर मी पेपर बुडवू?”

“आणखी माणसं मिळाली तर?”

“मिळवा. फुलांचं प्रदर्शन सांभाळून.”

कुठे शोधायचं हे मात्र आयव्हीला नेमकं माहीत होतं. चर्चच्या दारात कोण ढसाढसा रडलं आणि कोणाचा रुमाल घडीचा घडीच राहिला, हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. तिने बॅगेत एक कांदा आणि चाकू टाकला आणि कोरड्या डोळ्यांच्या माणसांची दारं ठोठावायला निघाली.

पहिलाच गाठला तो हर्बर्ट बॅरक्लॉ. बायकोच्या मयताला हा पठ्ठ्या दगडासारखा उभा होता.

“गोळ्या? मी कसल्याच गोळ्या घेत नाही, बाई,” तो म्हणाला. “मला ती आवडायचीच नाही. चहा घेणार?”

अशी माणसंही बरीच निघाली. गावातल्या संसारांची बरीच माहिती आयव्हीला त्या महिन्यात मिळाली. ती छापण्यासारखी नव्हती. पण चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी मिस डिस्ली कांद्यासमोर ढिम्म बसून राहिली. एका निवृत्त बस कंडक्टरने अख्खा कांदा चिरून दिला आणि वर विचारलं, “आता काय करायचं?” दोघांचे डोळे लाल, दोघांच्या कपाटात गुलाबी गोळ्या. लीड्सच्या एका डोळ्यांच्या सर्जनला तिने हे सांगितलं तेव्हा त्याने उठून दार लावून घेतलं. त्याच्या वॉर्डातही असेच रुग्ण होते. त्याला संशय होताच, पण कोणी विचारायला आलं नव्हतं. माझं नाव घालून छापा, असं तो म्हणाला.

हे सगळं ऐकून हॅलमसाहेबांनी त्या गोळ्यांचं नाव विचारलं. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक डबी काढली आणि तिच्यावरचं नाव वाचलं. गुलाबी गोळ्या. त्यांनी आधी आपल्या डॉक्टरला फोन लावून दुसरं औषध मागितलं आणि मग छापखान्याला फोन करून पहिलं पान थांबवलं. माणसाला न्यायाची चाड कशाने वाटेल, सांगता येत नाही.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे. कंपनीच्या वकिलांनी धमकावलं. लंडनच्या पेपरांनी बातमी उचलली आणि ती आपणच शोधल्यासारखी मिरवली. ठिकठिकाणाहून लाल डोळ्यांची माणसं पुढे आली. कंपनीने वर्षभर कानांवर हात ठेवले, मग गोळ्या बाजारातून काढून घेतल्या आणि लोकांना पैसे दिले. माणुसकी म्हणून देतोय, दोष कबूल करून नाही, असं बजावून दिले. आयव्हीला त्या आठवड्यात कणकीच्या बाहुल्यांच्या स्पर्धेची बातमी करायची होती. ती तिने केली.

मग ती नोराला अभिनंदन करायला गेली. नोराला आता उजेड आणि सावल्या एवढंच दिसत होतं.

“हेटीनं वाचलं?” नोराने पहिलं तेच विचारलं.

हेटीने सगळं वाचलं होतं. तिची भेट आयव्हीला बाजारातच झाली होती. “लंडनचे पेपर! त्यांचं काय खरं?” हेटी फणकारली होती. “आधी रडली नाही, आता न रडल्याचे पैसे घेतेय. आमच्या विल्फच्या मयतावर कमाई!”

हे आयव्हीला सांगवेना. ती हवापाण्याचं बोलायला लागली, त्यावरून नोराला काय ते कळलं.

“मी तुमच्याकडे बातमी मागायला आलेच नव्हते, मिस सगडेन,” ती म्हणाली. “दुरुस्ती मागायला आले होते.”

हॅलमसाहेब वैतागले. “पहिल्या पानावर इतकं छापलं, आता दुरुस्ती कसली? आपली एक तरी गोष्ट खोटी ठरली का?”

“माझी ठरली,” आयव्ही म्हणाली. “मी तिला धीराची म्हटलं.”

कुरियरमध्ये दुरुस्तीखाली चुकणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती. आयव्हीचं नाव तिथे कधी आलं नव्हतं आणि त्याचा तिला तोरा होता. तरी तिने स्वतःच मजकूर लिहिला. शुक्रवारी, पान चारच्या तळाशी, भाजीबाजाराच्या भावांशेजारी तो आला:

‘कै. विल्फ्रेड क्लेग यांच्या अंत्यविधीच्या वृत्तात श्रीमती क्लेग यांनी धीराने तोंड दिले असे म्हटले होते. ते चूक आहे. श्रीमती क्लेग यांना अतोनात दुःख झाले होते. औषधामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ शकत नव्हते. आमच्या वार्ताहराने पाहिले, पण विचारले नाही. क्षमस्व. आ. सगडेन.’

शनिवारी आयव्ही नोराला पेपर वाचून दाखवायला गेली होती. टेबलावर बटाट्यांचं पातेलं होतं. मागचं दार न ठोठावता उघडलं आणि हेटी आत आली. काखेत कुरियर, पान चार वर येईल असा दुमडलेला. तिने कोट काढला नाही, कोणाकडे पाहिलं नाही.

“चाकू कुठाय?” ती म्हणाली.

“जिथे असतो तिथेच,” नोरा म्हणाली.

हेटी तिच्या शेजारी बसली आणि बटाटा सोलायला लागली. थोड्या वेळाने तिचे हात थांबले. ती नाक ओढायला लागली, मग हुंदके द्यायला लागली. नोराने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“काय झालं गं?”

“काही नाही. कांदा मेला तिखट आहे.”

टेबलावर कांदा नव्हता. नोराला दिसत नसलं तरी तिचं नाक शाबूत होतं. ती क्षणभर थांबली आणि मग तिने चाचपडत आपल्या पुढ्यातलं पातेलं हेटीकडे सरकवलं.

“मग माझ्या वाटणीचा कांदाही सोल,” ती म्हणाली.