स्पिरिटने पुसलेली कात्री

व्हर्न टॅकेटशी पानं बोलतात, असं ब्लू लेक गावात लोक म्हणत. व्हर्नला ते ऐकून राग यायचा. "बोलत नाहीत, रडतात. आणि रडतात ती तुमच्या नावाने," असं म्हणून तो ज्याच्या घरी गेला असेल त्याच्याच स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी कॉफी ओतून घ्यायचा. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, दाढी कुणीतरी रागाने कापल्यासारखी. पण गांज्याच्या झाडापुढे चष्मा कपाळावर सरकवून उभा राहिला की भलेभले गप्प बसायचे.

इथे समुद्राकडून धुकं येतं आणि येऊन बसतं. उघड्यावरच्या झाडाची फुलं भरायच्या आत बुरशी धरते, म्हणून कुणी गॅरेजात, कुणी माळ्यावर, कुणी लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या खोलीत दिवे लावून झाडं वाढवतो. घरातल्या झाडाचं सगळंच माणसाच्या हातात. ऊन आपलं, वारा आपला, पाऊस आपला, त्यामुळे चूकही आपलीच. पान बिघडलं की लोक आधी दिव्याला शिव्या घालत, मग खताला, मग बायकोला, आणि शेवटी व्हर्नला फोन करत.

तो यायचा. खालची जुनी पानं सगळीच फिकट पडली असतील तर झाड उपाशी आहे म्हणायचा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम कमी. टोकं करपून पान पक्ष्याच्या नखीसारखं खाली वळलं असेल तर मालकाकडे बघून म्हणायचा, "किती खाऊ घालतोस रे? झाड आहे की जावई?" मग पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासायचा, कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, खिशातून कात्री काढून एक पान कापून दिव्यासमोर धरायचा. काम झालं की कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. दोन्ही पाती, आतून बाहेरून. त्यात त्याने कधी हयगय केली नाही. कुणी घाई केली तर म्हणायचा, "एका घरची घाण दुसऱ्या घरी न्यायला मी काय माशी आहे?"

या कात्रीने त्याने सगळ्यात जास्त फांद्या कापल्या त्या एमेटच्या झाडाच्या. एमेट स्ट्राउड हा त्याचा जिवाभावाचा मित्र. तरुणपणी त्याने बरीच वर्षं खटपट करून एक वाण तयार केलं आणि त्याला फॉगहॉर्न नाव दिलं. धुक्यात बंदराचा भोंगा वाजतो तसं ते डोक्यात हळूच घुमायला लागतं, म्हणून. त्याचं बी नव्हतंच. एक आईझाड ठेवायचं, कधी फुलावर येऊ द्यायचं नाही, आणि त्याची कलमं करत राहायचं. त्या काळी डोक्यावर हेलिकॉप्टर फिरायची, पोलीस दार मोडून सगळं उपटून न्यायचे. म्हणून एमेटने एक रीत घालून दिली. फॉगहॉर्न विकायचं नाही, वाटायचं. माझं गेलं तर तुझ्याकडून परत आणीन, तुझं गेलं तर माझ्याकडून ने. खोरंभर ते झाड असंच टिकलं. आता कायदा बदलला, हेलिकॉप्टर गेली, पण रीत तशीच राहिली, आणि कलमं पोचवायचं काम व्हर्नकडे.

एमेट जाऊन दोन हिवाळे झाले. त्याची बायको मार्लिन गांजा ओढत नाही, तिला त्या वासाने शिंका येतात. पण गॅरेजातलं आईझाड तिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. दर रविवारी व्हर्न यायचा, झाड बघायचा, मग दोघं जेवायचे. बोलायचे थोडंच. एमेट असतानाही बोलायचा तो एमेटच.

वसंतात एका रविवारी मार्लिन त्याला दारातच म्हणाली, "व्हर्न, आधी गॅरेजात चल. मला ते बरं दिसत नाहीये."

नवी पानं बारीक निघत होती, शिरांच्या मधे फिकट. व्हर्नने हुंकार भरला. "कॅल्शियम-मॅग्नेशियम. नळाचं पाणी बदललंय इथलं. बाटली आणून ठेव, आठवड्यात तरारेल."

आता हे खरं सांगायला हवं, की या खोऱ्यात कुठलंही पान पिवळं पडलं की प्रत्येकाचा हात आधी त्याच बाटलीकडे जातो. आपल्याकडे पोट दुखलं की ओवा, तसं. दहातल्या आठ वेळा गुण येतोही, म्हणून बाकीच्या दोन वेळा कुणी विचार करत नाही. व्हर्ननेही केला नाही.

झाड तरारलं नाही. त्याने सामू बदलला, दिवा वर घेतला, कुंडीची माती धुऊन काढली, मुळं उघडून पाहिली. मुळं पांढरी होती पण विरळ. फांद्या वर जायचं सोडून आडव्या पसरू लागल्या. एक दिवस बांधायला म्हणून त्याने फांदी नुसती वाकवली, तर ती वाळल्या काडीसारखी मोडून हातात आली.

मार्लिन म्हणाली, "कंटाळलं असेल. माझ्यासारखं."

"काहीतरी बोलू नकोस. झाडं कंटाळत नाहीत."

"मग सांग ना काय झालंय. एरवी तर दारातूनच सांगतोस."

व्हर्नला सांगता येईना. घरी जाऊन त्याने त्या रात्रीचं जेवण टाकलं. एमेटने शेवटच्या दिवसांत, श्वास पुरत नसताना, त्याच्याकडे एकच मागणं मागितलं होतं, की माझ्या घरात ते झाड असू दे. मार्लिनला सांभाळ, असंही नाही. झाड असू दे, एवढंच. आणि तेच झाड व्हर्नच्या डोळ्यांसमोर खुरटत होतं.

नाइलाजाने त्याने अर्काटामधल्या एका प्रयोगशाळेत पानं आणि मुळाचा तुकडा पाठवला. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्याने पान दुसऱ्या कुणाला दाखवलं. काही दिवसांनी तिथल्या बाईचा फोन आला. आवाज कोवळा, बोलणं अदबीचं. व्हायरॉइड आहे, म्हणाली. विषाणूपेक्षाही लहान. खतपाण्याची काही चूक नाही. झाडात हा कित्येक महिने लपून राहतो, पानावर दिसतो तो उशिरा आणि भलत्याच कमतरतेसारखा. औषध नाही. शेंड्याच्या कणापासून नवं रोप करून बघता येतं, पण शंभर टक्के भरवसा नाही.

"येतो कुठून?" व्हर्नने विचारलं.

"बहुतेकदा कलमातून. नाहीतर कात्रीवरून."

"कात्री मी पुसतो. दर वेळी. स्पिरिटने."

ती म्हणाली, "स्पिरिटने हा मरत नाही हो, मिस्टर टॅकेट. ब्लीचमध्ये बुडवून ठेवावी लागते. बऱ्याच जणांना माहीत नसतं."

व्हर्नने आभार मानले, फोन ठेवला, आणि बसल्या जागी त्याला सगळं दिसलं. मागच्या पानगळीत गावातल्या रूबेन ओल्सेनने दक्षिणेकडून कुठलंसं नवं फॅशनेबल वाण आणलं होतं, आणि त्याच्या पानांवर तेच फिकट पट्टे होते. व्हर्नने तिथे पान कापलं, बाटली सांगितली, कात्री पुसली, आणि तिथून सरळ मार्लिनकडे जाऊन आईझाडाची कलमं काढली. ती कलमं मग घरोघर दिली. पुसलेल्या कात्रीने.

दुसऱ्या दिवसापासून तो फिरला. कुणाच्या घरात शिरला नाही, खिडकीतून नाहीतर दारातून बघायचा. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. ज्या ज्या घरी तो हिवाळ्यात गेला होता, त्या त्या घरी फॉगहॉर्न आडवं पसरलेलं, पान बारीक, फूल धरलंच तर लेचंपेचं, वास न येणारं. ज्याने त्याने बाटली ओतली होती. "तूच सांगितलं होतंस ना," असं म्हणत ते त्याला आत बोलवत होते, आणि त्या बोलावण्यात तक्रार नव्हती, हेच त्याला सोसत नव्हतं.

राहिलं एक घर. डोंगरावर नीलँडला वांडा प्रुइट राहायची. एमेटचं आणि तिचं जुनं भांडण होतं. तिने एकदा फॉगहॉर्न विकलं, असं एमेटचं म्हणणं. त्या दिवसापासून व्हर्ननेही तिच्या दारात पाय ठेवला नव्हता, मित्राची अढी ती आपली अढी म्हणून. तो फाटकाशी उभा राहिला तेव्हा वांडा लाकडं रचत होती.

"अगबाई! हे कोण उगवलं?" ती म्हणाली. "एमेटने स्वर्गातून परवानगी पाठवली की काय?"

"वांडा, तुझ्याकडे फॉगहॉर्न आहे का अजून?"

"का? जप्त करायला आलास?"

व्हर्नने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, फाटकाच्या बाहेरूनच. रूबेन, कात्री, स्पिरिट, एकेक घर. वांडाच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"मी विकलं नव्हतं," ती अखेर म्हणाली. "चोरीला गेलं होतं. एमेटला सांगून सांगून थकले. आणि तू, तू तरी विचारलंस का कधी?"

"नाही."

"चल, बघ तरी. खालच्या एका पानावर पिवळं आहे काहीतरी."

"मी आत येणार नाही."

ती आत गेली आणि कुंडी उचलून खिडकीशी आणून धरली. झाड कसं सरळ, काळसर हिरवं, तळव्याएवढी पानं. एमेटच्या हातचं जसं असायचं तसं. व्हर्नचे डोळे भरून आले. त्याच्या ओठांवर शब्द आले होते, की ते पान म्हातारं झालंय, गळू दे. पण तो म्हणाला, "तपासून घे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि निरोगी निघालं, तर एक कलम मार्लिनला दे. तुझ्या हाताने, तुझ्या कात्रीने. मी पाया पडतो तुझ्या."

"पाया कसला पडतोस, गुडघे वाकतात का तुझे?" वांडा म्हणाली. पण ती हो म्हणाली. आणि प्रयोगशाळेतून उत्तर आलं, झाड निरोगी होतं.

मग मार्लिनकडे जाणं आलं. तो रविवारच होता. व्हर्न पायरीवर उभा राहिला आणि सगळं बोलला. मार्लिन दारात, हातात पुसणं.

"मी पाहिलंय तुला पुसताना," ती म्हणाली. "दर वेळी. एमेट हसायचा त्यावरून."

"चिडली असतीस तर बरं झालं असतं, मार्लिन."

"मलाही बरं वाटलं असतं. पण येत नाहीये राग, काय करू?" ती म्हणाली. "मग आता?"

"वांडा कलम आणून देईल. गॅरेज ब्लीचने धुवायचं, कुंड्या फेकायच्या, दिवे पुसायचे. एमेटचं झाड घरात राहील. फक्त मी यायचं नाही. माझे कपडे, माझे हात, मी दिवसभर कुठल्या कुठल्या खोल्यांतून फिरलेलो. मी बाहेरून विचारपूस करत जाईन."

मार्लिनने पुसण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे झाड आत आणि तू बाहेर."

"हो."

"आणि झाड नसलं तर?"

व्हर्नला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो घाईने म्हणाला, "असं करू नकोस. त्याने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे. एवढंच."

"तुझ्याकडे मागितलं होतं. माझ्याकडे नाही," मार्लिन म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की मला एकटीला जेवण जात नाही. दोन वर्षं मी त्या झाडाला पाणी घालतेय, व्हर्न, कारण त्याच्यामुळे रविवारी दारावर कुणीतरी येतं. वांडाकडे राहू दे ते. तिच्याकडे जगेल. तू आत ये, सूप गार होतंय."

तो आत गेला. वाटेतलं गॅरेजचं दार उघडंच होतं आणि पंखे बंद होते. मार्लिनने ते त्याच्या येण्याआधीच बंद केले होते की आता जाता जाता, हे त्याने विचारलं नाही. एमेटच्या घरातून एमेटचं झाड त्याने घालवलं होतं, आणि एमेटची बायको त्याला वाडग्यात शिंपल्यांचं सूप वाढत होती. तरी तिने विचारल्यावर त्याने वाडगं पुढे केलं आणि आणखी मागून घेतलं.