शमुवेलआण्णांचं पीक

शिरगावचे शमुवेलआण्णा इतके सरळ की बायको चांगुणा म्हणायची, "यांच्यावरून ओळंबा लावावा!" तीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातली. चर्चमध्ये कापणीच्या सणाला प्रत्येकाने आपल्या हातचं काहीतरी वेदीपुढे ठेवायचं, मग त्याचा लिलाव. कुणी भात आणी, कुणी शिवलेला झगा. आण्णा बापडे विकतची केळी ठेवत. तोफगोळा कसा ठेवणार हो?

एकदा पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "घरात घुसलेल्याला अडवायला दुसरा इलाजच उरला नाही, तर हत्यार उचलावं, तेही रडत. पण दुसऱ्याचा मुलूख बळकावणं म्हणजे दरोडाच, झेंडा कुणाचाही असो."

आण्णांची झोपच उडाली. आपला माल कुठे जातो, कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक कवचाच्या बुडाशी पंचने बारीक क्रूस ठोकू लागले. प्रार्थना एकच: दरोड्याला गेलास तर फुटू नकोस. आणि एवढ्यावर या भाबड्या माणसाला झोप लागूही लागली!

निवृत्तीनंतर जवळच्या कॅम्प पाच वस्तीत, भंगारवाल्या महेशच्या दुकानात ते गेटसाठी पत्रा शोधत होते. एक लोखंडी दार दिसलं. त्यात तुकडा रुतलेला, तुकड्यावर क्रूस.

"फॉरेनचा माल, आण्णा," महेश म्हणाला. "शेजाऱ्याचा मुलूख गिळायला फौज घुसली ना, तिकडच्या घरांचा."

आण्णांनी क्रूसावरून बोट फिरवलं: त्यांच्याच पंचचा. दारावर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या, एकावर एक, पोराची उंची मोजतात तशा. शेवटची कमरेएवढी.

दार त्यांनी घरी आणून पडवीत टेकवलं. आठवड्याने पाहतात तर वर नवी रेघ, खाली लोखंडाचा ताजा भुगा. त्यांना वाटलं चांगुणाने ओढली, तिला वाटलं यांनी. दोघांनीही बायबलवर हात ठेवून नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक, छातीपर्यंत.

"वाढतंय गं ते," आण्णा म्हणाले आणि ढसाढसा रडले.

सणाच्या सकाळी त्यांनी केळी नेली नाहीत. टेम्पोतून दार नेलं आणि वेदीपुढे भोपळ्यांशेजारी उभं केलं.

"हे काय, आण्णा?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"माझ्या हातचं पीक, साहेब. क्रूस ठोकून पाठवत होतो."

लिलाव पुकारला. एक वार, दोन वार, तीन वार. कुणी बोली लावली नाही. ज्याला गिऱ्हाईक नाही, ते ज्याचं त्याने घरी न्यायचं, हा रिवाज. आण्णा दार उचलायला पुढे झाले. सकाळी छातीशी असलेल्या रेघेच्या वर आता नवी रेघ होती, थेट त्यांच्या डोळ्यांशी. ते पोर त्यांच्या नजरेला नजर देण्याएवढं झालं होतं.