इंदूबाईंची तिसरी हाक

फोन आला तेव्हा पोरं खिचडीची ताटं हापशावर धूत होती. इंदूबाईंचा मुलगा बोलत होता, हिंगोलीच्या दवाखान्यातून. "आई गेली हो, आत्ताच," म्हणाला. मी विचारलं, कुठं गेली? इतका बावळट प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल. बाई नुसत्या तपासायला म्हणून रजा काढून गेल्या होत्या. जाताना फाटकापाशी थांबून मला बजावून गेल्या, की मी येईस्तोवर कौसल्याच्या पूजाला ट्रॅक्टरात बसू देऊ नको. मी तोंडानं हो म्हटलं आणि मनात म्हटलं, तुम्हीच या नि बघा, माझ्याच्यानं कुणाच्या दारात उभं राहून विनवण्या होत नाहीत.

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या पलीकडं, शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघी, इंदूबाई आणि मी. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं आणि आईबापाबरोबर लेकरंही जातात. ती परततात तेव्हा वाचता येणारं पोरगंसुद्धा अक्षराला अडखळतं. पूजा चौथीत. घडाघडा वाचते, मला उलट प्रश्न विचारून भंडावते. तिला फडावर न्यायचं ते धाकट्या भावाला सांभाळायला. बापानं मुकादमाला शब्द दिलेला. बाईंनी तोडगा काढला होता, की पूजा शेजारच्या शकीराकडं राहील. शकीरा शिलाईकाम करते, दोन्ही घरांची भिंत एकच. शकीरा तयार, बाप 'तिची आई म्हणेल तसं' म्हणून मोकळा. अडलं होतं ते कौसल्याच्या होकारावर.

बाई आमच्याकडं बदलून आल्या त्या वर्षीची गोष्ट त्या स्वतःच हसत सांगायच्या. पालकसभेला चिटपाखरू आलं नाही, तेव्हा म्हणाल्या, ते येत नसतील तर आपण जाऊ. दिवेलागणीला निघाल्या, कारण दिवसभर माणसं रानात. एकेका दारापुढं उभं राहून एकेक हाक मारली. आत चूल पेटलेली, बोलणी चाललेली, आणि हाक मारली की सगळं चिडीचूप! कुणी ओ देईना. बाई चिडून परतल्या, हे गाव शाळेचं वैरी आहे म्हणाल्या. शेवटी शकीरानंच त्यांना गल्लीत गाठून सांगितलं, "बाई, दिवे लागल्यावर पैल्या हाकेला कुनी ओ देत न्हाई इथं. दुसरीला बी न्हाई. ते एकदा हाक मारतं, दोनदा मारतं, तिसरी त्याला जमत न्हाई. तीन हाका मारा, मग बघा." 'ते' म्हणजे काय हे विचारायचं नसतं. इतकी वर्षं होऊन मीही विचारलेलं नाही.

तेव्हापासून बाई तीन हाका मारू लागल्या. घाई नाही. एक हाक, मग थांबायचं, दुसरी, पुन्हा थांबायचं, आणि तिसरी जराशी वर चढवून. लेकराच्या नावानं नाही, आईच्या नावानं. ज्या बायकांना गावात 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखत होते, त्यांचं नाव गल्लीत घुमायचं. उंबऱ्यावर बसायच्या, तुरीच्या शेंगा सोलू लागायच्या आणि तक्रार कधीही आधी काढायच्या नाहीत. आधी पोराचं कौतुक, मग चहा, मग उठता उठता, "उद्या जरा लवकर पाठव गं." हळूहळू बाया शाळेत यायला लागल्या. खिचडी चाखायला पाळ्या लागल्या. शकीरा शनिवारी पोरांच्या तुटक्या गुंड्या लावत बसायची आणि त्या निमित्तानं वर्गात काय चाललंय ते सगळं ऐकायची. मी या हाकांची टिंगल करायचे. बाई, भूत पळालं का, असं विचारायचे. त्या म्हणायच्या, "आमच्या शास्त्रज्ञबाईंना एक दिवस कळेल."

बाई गेल्याचं मी त्या दिवशी गावात कुणाला सांगितलं नाही. शाळा सोडली, कुलूप लावलं आणि सरळ हिंगोलीची गाडी धरली. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायला आले तर पायरीवर कौसल्या आणि शकीरा बसलेल्या. मी सांगितलं, बाई गेल्या. कौसल्या माझ्याकडं बघतच राहिली. कधी, म्हणाली. मी म्हटलं, काल दुपारी.

"न्हाई," ती म्हणाली. "काल दिवे लागल्यावर बाई आमच्या दारात आल्त्या. दोनदा हाक मारली. मी भाकरी टाकून राहिले व्हते. म्हणलं, तिसरी मारू द्या, मग उठते. तिसरी आलीच न्हाई."

मी शकीराकडं पाहिलं. वाटलं, ही तरी हसेल. तिनं पदर तोंडाला लावला. "मी बी आईकलं. बराबर बाईंचाच आवाज. दोनदाच."

मी त्यांना बरंच समजावलं. मनात वाट बघत असलं की कानाला भास होतो, पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी कुणाला बोलावलं असेल, वगैरे. मग मी पूजाचं विचारलं. कौसल्या म्हणाली, ते बाईंनी विचारायचं होतं, मी बाईंनाच सांगणार. आणि उठून गेली. मला इतका राग आला... बाईंचा, कौसल्याचा, त्या हाकांचा. आणि राग ओसरल्यावर खूप रडू आलं.

मधले दिवस असेच गेले. पूजा रोज शाळेत यायची, पण जपून, पाहुण्यासारखी. बाजाराच्या दिवशी पहाटे ऊसतोडीचा ट्रॅक्टर निघणार होता; आदल्या दिवशी तिनं मला पुस्तकं परत आणून दिली. टेबलावर ठेवली नि गेली. त्या संध्याकाळी मी निघाले. बाईंना हो म्हटलं होतं ना.

गल्लीत वारा नव्हता. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती, नुसती माझ्या मागं कुठंतरी बघत होती. कौसल्याच्या घरात बोलणं चाललं होतं, ते मी पोचण्याआधीच थांबलं. दारापुढं उभी राहिले. बाईंसारखी हाक मारायची म्हणून श्वास घेतला आणि "कौसल्याऽ" एवढंच बाहेर पडलं. बाईंच्या जागेवर उभं राहून बाईंच्या शब्दानं हाक मारणं... मला दुसरी हाक मारताच येईना. तशीच उभी राहिले, आता परत फिरावं म्हणून वळले, तोच कडी वाजली.

कौसल्या दारात होती. तिच्यामागं पूजा, काखेत वाकळेची गुंडाळी घेऊन. कौसल्याचे डोळे सुजले होते, पण आवाज ठाम होता. "मी यांना म्हणलं व्हतं, तिसरी हाक आली तर लेकरू इथंच ऱ्हाईल, न्हाई आली तर घेऊन जाऊ. आली. घेऊन जा तिला शकीराकडं. मी निघताना ती समोर नगं, माझा पाय निघायचा न्हाई."

मी पूजाचा हात धरला. कौसल्यानं तिच्या केसांवरून हात फिरवला, मग मला म्हणाली, "पन बाई, पैल्या दोन हाका तुमी इतक्या लांबून काहून मारल्या? पार शाळेपासून?"

मी एकच हाक मारली होती.

याला आता काही आठवडे झाले. पूजा शकीराच्या घरी आहे, रविवारी फोनवर आईला धडा वाचून दाखवते. बाईंची घरं आता मी फिरते, रोज एक, दिवे लागल्यावर. दारापुढं उभी राहते, थोडी थांबते आणि त्या घरातल्या बाईच्या नावानं एकदाच हाक मारते. दार उघडतं. आजवर एकाही घरानं मला दुसरी हाक मारायला लावलेली नाही.