खराडीतला रूम टोन

"इथे आम्हाला अगदी घरच्यासारखं वाटतं."

चौथ्या बाईनेही हेच वाक्य म्हटलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. शब्द तेच, 'अगदी'सुद्धा जागच्या जागी. घरच्यासारखं म्हणे! घरी कोणी आयकार्ड गळ्यात घालून फरशी पुसत नाही.

खराडीतल्या एका आयटी कंपनीला साफसफाई करणाऱ्या कंत्राटी बायकांवर फिल्म हवी होती. मी माहितीपट करते, एरवी कंपन्यांच्या वाटेला जात नाही. पण काचेच्या इमारती आल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांच्या हातात खुरप्याऐवजी मॉप आले. त्यांचं पुढे काय झालं, हे मला बघायचं होतं. अट एकच होती. शूटिंग संपलं की त्या दिवसाची टेप अॅडमिन मॅनेजर देशमुखांकडे द्यायची.

"सिक्युरिटी पॉलिसी आहे, मॅडम," ते म्हणाले होते.

तेव्हापासून मला जिथे तिथे देशमुखच दिसत होते. बायकांना त्यांनीच पढवलंय, याबद्दल माझी खात्री होती.

पाचवी बाई सुनंदाताई, सगळ्यांची मुकादम. मी विचारलं, "जेवता कुठे तुम्ही?"

"कॅन्टीनमध्येच. सर्व सोय आहे," त्या म्हणाल्या आणि उठून पँट्रीत बाकीच्या बायकांकडे गेल्या.

कॅन्टीनमध्ये मला या बायकांच्या गणवेशाची एकही निळी साडी दिसली नव्हती. इथेही पाणी मुरत होतं.

मुलाखत झाली की आम्ही रूम टोन घेतो. म्हणजे रिकाम्या खोलीचा आवाज. खोली गप्प असली तरी एसी घुमत असतो, ट्यूबलाइट गुणगुणत असते. दोन वाक्यं जोडताना मधे तो आवाज भरावा लागतो, नाहीतर कानाला खड्डा लागतो. माझा कॅमेरामन सलीम रिकाम्या खुर्चीकडे कॅमेरा रोखून उभा राहिला. हेडफोन माझ्या कानाला.

आणि हेडफोनमध्ये सुनंदाताई बोलायला लागल्या.

कपाळ माझं! त्यांच्या पदराला लावलेला कॉलर माइक मी काढलाच नव्हता. तो बिनतारी, भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

"त्या बाईला काय बी सांगू नका. ती कंपनीचीच हाय. टेप साहेबाच्या हातात जाती. सोमवारी परदेशी पाव्हणे जेवायला बसले, की सगळ्यांनी आपापले डबे घेऊन कॅन्टीनमधेच बसायचं. बेसमेंटला गाड्यांच्या धुरात लई दिवस खाल्लं. तोवर एकच बोलायचं, घरच्यासारखं वाटतं."

म्हणजे पढवणाऱ्या सुनंदाताईच! आणि मी कंपनीची? वस्त्यावस्त्यांतून कॅमेरा घेऊन फिरलेली मी? असा संताप आला म्हणता! मग टेप आठवली. हे सगळं रेकॉर्ड झालं होतं, आणि टेप साहेबाच्याच हातात जाणार होती. बाई चुकीचं काय बोलली होती?

मी पँट्रीत धावले. माइकवरचा हिरवा दिवा सुनंदाताईंना माझ्याआधी दिसला.

"चालू होतं हे?"

"हो."

"ऐकलंत?"

"ऐकलं."

त्यांचा चेहरा पडला. "साहेबाला कळलं तर उद्या गेटातनं आत घेणार न्हाईत आम्हाला. माझ्या शब्दावर उभ्या हायेत सगळ्या."

"नाही कळणार," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. बसावा तरी का?

माइक काढून घेऊन परत आले तर देशमुख कॅमेऱ्याशेजारी उभे. "झालं ना? टेप द्या."

"रूम टोन राहिलाय. सलीम, टेप मागे घे. सुनंदाताई उठल्या तिथपासून."

"आत्ताच घेतला ना यांनी?" देशमुखांनी डोळे बारीक केले.

"खराब झाला. बसा सर, पण गप्प. मोबाइल बंद."

सलीमने माझ्याकडे बघितलं. चांगला टेक पुसायला तो सहसा तयार होत नाही. पण त्याने टेप मागे घेतली आणि जुन्या आवाजावर नवा आवाज चढू लागला. देशमुख हाताची घडी घालून बसले होते. मधेच त्यांना खोकला आला, तो त्यांनी बिचाऱ्यांनी दाबून धरला. माझी छाती एवढी धडधडत होती की तीही टेपवर येईल असं वाटलं.

"एवढा वेळ लागतो याला?"

"मोठी खोली आहे, सर."

टेप घेऊन ते गेले.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. "बायका कॅन्टीनमध्ये बसल्यात, पाहुण्यांच्या शेजारी! तुम्हाला माहीत होतं?"

"टेप तुमच्याकडेच आहे, सर. बघा ना."

"बघितली. शेवटी नुसती रिकामी खुर्ची आहे."

पाहुण्यांसमोर बायकांना उठवणार कसं? पुढेही कोणी उठवलं नाही. त्या अजून कॅन्टीनमध्येच जेवतात. फिल्म मात्र माझ्याकडून काढून घेतली गेली.

पुढे मी माझ्या हिमतीवर वेगळी फिल्म केली, तेव्हा सुनंदाताई कर्वेनगरला माझ्या घरी येऊन भरभरून बोलल्या. मुलाखत संपली. खुर्चीतून उठायच्या आधी त्यांनी स्वतःच माइक काढला, त्याचा हिरवा दिवा बंद केला आणि माझ्या हातात ठेवला.

"हां, आता चहा टाका," त्या म्हणाल्या. "आता खरं सांगते."

तेव्हापासून नव्या पोरांना मी एकच शिकवते. माणूस उठण्याआधी माइक काढा. उत्तम मुलाखत हुकते, पण इलाज नाही.