उजव्या पायाची चप्पल

द्वारका चौकातल्या गॅरेजात एक मेस्तरी इंजिन उघडण्याआधी गाडीमालकाची उजवी चप्पल उलटी करून बघायचा. ॲक्सिलरेटर दाबून तळ झिजलेला दिसला, की म्हणायचा, “साहेबांना फोर्जिंगचे पिस्टन टाकू, लय दाब सोसतात.” तळ शाबूत असला, की कंपनीचे साधे.

ही कसली परीक्षा, याचं मला भारी कुतूहल होतं. पुढे भंगारातल्या ट्रकचा, इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो तो स्वतःच्या जीपला बसवू लागला, तेव्हा मी मुद्दाम त्याचीच चप्पल उलटी केली. अंगठ्याखाली आरपार भोक!

“मग फोर्जिंगचेच ना?”

तो साधे पिस्टन पुसत होता.

“नाय साहेब. ते टाकल्यावर हा पाय कुणाला भिणार? हे फुटतील, म्हणून तरी जरा जपून दाबीन.”