बेटीच्या हातातली नळी

वटारच्या बेटीचा मोठा दीर सिप्रियन बागेच्या पाण्यावरून तिच्या नवऱ्याला, एरॉलला, नको ते बोलला, तेव्हा ती विहिरीवर चार बायकांदेखत ओरडली होती, "या माणसाचं तोंड एकदाचं बंद होऊ दे!"

पावसाळा सरता सरता सिप्रियनला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, लाळही गिळता येईना. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. एरॉलने भांडण गिळलं आणि भावाला आपल्या घरी आणलं.

फुलपाड्याच्या दवाखान्यातल्या नर्स मनोरमा सिस्टर येऊन दोघांना शिकवून गेल्या. घशात घरघर वाजू लागली की पेशंटला कुशीवर वळवायचं आणि लाळ विजेच्या मशीनला लावलेल्या नळीने ओढून घ्यायची. "नळी गालाच्या कडेने सरकवायची. दिसतं तिथपर्यंतच, पुढे ढकलायची नाही. आत जाताना नळीच्या बाजूचं भोक उघडं ठेवायचं, बाहेर काढताना अंगठ्याने दाबायचं, मगच ओढलं जातं. आणि तेवढा वेळ आपलाही श्वास धरायचा. तुम्हाला कोंडल्यासारखं झालं, की त्यालाही होतंय. लगेच नळी बाहेर!"

बेटीला कफाची किळस नव्हती. पण हा माणूस माझ्या हातून गेला, तर विहिरीवरच्या त्या बायका काय म्हणतील? ती होता होईल तो हे काम एरॉलवरच ढकलायची. तो कामावर असला की मशीन लावायची, ओठांपाशी जमलेली लाळ तेवढी ओढायची. आत जायचा तिला धीरच व्हायचा नाही.

मग ती दुपार आली. भारनियमनाची वेळ, पंखा बंद, मशीनही बंद. नाकातल्या नळीने पेज दिली होती, तीच सिप्रियनला उलटून आली. घशात घरघर सुरू झाली. बेटीने त्याला कुशीवर वळवलं, सिस्टरने दिलेला पायाने दाबायचा पंप पलंगाखालून ओढला आणि नळी तोंडापाशी नेली.

सिप्रियनने दात आवळले. डोळे तिच्यावर रोखलेले. त्याला सगळं आठवतंय, तिच्या मनात आलं.

"भाऊजी, तोंड उघडा ना!"

दात तसेच. ओठ काळेनिळे होत चाललेले.

"मला मारायचं नाही हो तुम्हाला," ती रडत म्हणाली. "मीच मरतेय भीतीने."

जबडा सैल होईना. तिने गालाच्या आतून, दाढांमागच्या फटीतून नळी सरकवली. श्वास धरला, अंगठा दाबला, पाय पंपावर. नळीतून पेज खळखळत बाहेर आली. तिची छाती फुटायला आली तशी तिने नळी काढली. क्षणभर काहीच ऐकू येईना. मग तो खोकला. तिने थांबून पुन्हा नळी घातली. आता दात उघडे होते. हळूहळू ओठांवर रंग आला.

संध्याकाळी एरॉल आला तेव्हा ती जमिनीवरच बसलेली होती, नळी अजून धुतलेली नव्हती.

त्यानंतर सिप्रियन तिच्यापुढे तोंड उघडायचा, पण डोळे घट्ट मिटून. तीही मनात येशूचं नाव घेतल्याशिवाय नळीला हात लावायची नाही. पुढच्या थंडीत तो न्यूमोनियाने हॉस्पिटलात वारला. एरॉल रडत होता. बेटीने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "माझ्या नळीने तर काही झालं नसेल ना?"

"छे. तुम्ही होता म्हणून इतके दिवस राहिले," डॉक्टर म्हणाले.

तिने मान हलवली, आणि घरी येताना वाटेत तोच प्रश्न एरॉललाही विचारला.